जड ग्रहावरच्या खुर्च्या

माझ्या लेकीला शाळेच्या विज्ञान मेळ्यात मोठ्या ग्रहावरचं जग मांडायचं होतं. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या घरी जेवताना ती समजावत होती, "ग्रह पृथ्वीसारखाच, पण खूप मोठा. सगळ्यांचं वजन दुप्पट. माणसं बुटकी, जाड पायांची. घरं जमिनीलगत, जिना नाहीच."

डाइंग मिलमध्ये दिवसभर ओल्या कापडाच्या गाड्या ढकलून आलेला तिचा बाप म्हणाला, "मग मला नको तुझा ग्रह. माझी कंबर इथंच धरते."

सासूबाई मात्र घास हातात धरून ऐकत होत्या. "मंग तठे कानबाई कशी नेतस?" त्यांनी विचारलं.

प्रश्न कुठून आला ते मला कळलं. श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी नारळाच्या रूपात पाटावर बसते आणि सोमवारी तिला डोक्यावर घेऊन तापीला नेतात. एकदा उचलली की नदीपर्यंत खाली टेकवायची नाही, ही आमच्या घरची रीत. लग्न होऊन सुरतेत आले तेव्हापासून तो मान सासूबाईंचाच. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. "दुसरी कुणी नेईल" असं म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. बाई मुलखाची तापट, आणि मीही काही गरीब गाय नाही.

लेक म्हणाली, "तिथं सगळेच लवकर दमतात आजी, म्हणून दमल्याची लाज नसते. जागोजागी बसायला असतं. ओझंही एकाच्याच डोक्यावर ठेवत नाहीत."

"चांगला लोके शेतस तठला," सासूबाई म्हणाल्या. "मन्हं डोकं आठे शे, पन गुडघा तठेच गयात."

सोमवारी लेकीने घरोघरी मागून जिन्याच्या प्रत्येक वळणावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. एक अगदी खाली, फाटकाशी. सासूबाई कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन निघाल्या. टेकल्या, उठल्या, पुन्हा टेकल्या. कानबाई काही टेकली नाही. खाली वाजंत्री थांबलेले, बायका गाणी म्हणत होत्या, माझा जीव मात्र टांगणीला.

फाटकाजवळच्या खुर्चीवर त्या बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मला समोर पायरीवर बसवलं आणि पाट आपल्या डोक्यावरून सरळ माझ्या डोक्यावर ठेवला. नारळ, नथ, हिरवं वस्त्र, एवढंच तर ओझं. तरी माझी मान वाकली आणि मला रडू फुटलं.

"जड शे ना?" माझा पदर सारखा करत, वरच्या मजल्यापासून फाटकापर्यंत बोट फिरवून त्या म्हणाल्या. "माले ते आठलगून हलकीच लागनी."