एकपाठी ओलेगारियो

आपण एकपाठी आहोत, असं ओलेगारियो बासुआल्दोने स्वतःच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कुणी तसं म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, आणि तीस वर्षं आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत.

बावीस वर्षं तो ब्वेनोस आयरेसमधल्या फ्लोरेस भागातल्या एका कॅफेत वेटर होता. बारा टेबलांच्या ऑर्डरी न लिहिता घ्यायचा, हे खरं. पण दोन गिऱ्हाइकांनी खुर्च्यांची अदलाबदल केली, की कॉफीवाल्यापुढे बिअर यायची. आणि बशी टेबलावर टेकली, की ती ऑर्डर याच्या डोक्यातून साफ. तासाभराने विचारलं, "मघाशी मी काय खाल्लं?" तर हा बैलासारखा बघत राहायचा. तरी ऐट केवढी! "कागद लागतो तो म्हाताऱ्यांना आणि डॉक्टरांना," म्हणायचा.

कॅफे बंद पडलं तेव्हा त्याला आमच्या प्रयोगशाळेत मीच चिकटवलं. चूक माझी. आम्ही तिथे खेकड्यांची स्मरणशक्ती तपासतो. खेकड्याच्या डोक्यावरून एक सावली फिरवायची. तो घाबरून पळतो. तीन-तीन मिनिटं थांबून असं पंधरा वेळा केलं, की सावली काही करत नाही हे त्याला कळतं, आणि दुसऱ्या दिवशीही तो गप्प बसतो. पण तीच सावली भराभरा, दम न घेता शेकडो वेळा फिरवली, तर त्या दिवसापुरता शहाणा होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळत सुटतो. ओलेगारियोचं काम या खेकड्यांच्या टाक्या घासायचं. त्याचा मात्र समज, की आपण शास्त्रज्ञांवर देखरेख करायला आलोय.

"पंधरा वेळा?" तो आमच्या डॉक्टर इरुपेबाईंना म्हणाला. "खेकडाच तो! मला एकदा दाखवा, बास."

"एकदा दाखवलेलं आजच्यापुरतं राहतं हो, ओलेगारियो," बाई शांतपणे म्हणाल्या. "धडा संपल्यावर मेंदूचं खरं काम सुरू होतं. पेशी नवी प्रथिनं तयार करतात, आपसातले जोड पक्के करतात. त्याला वेळ लागतो, झोप लागते. ते काम अर्धवट राहिलं, तर शिकलेलं टिकत नाही."

"ते खेकड्यांचं झालं."

"माणसाचंही फारसं वेगळं नाही."

"माणसा-माणसात फरक असतो, बाई!" असं म्हणून त्याने छाती फुगवली आणि हातातला ब्रश कुठल्या टाकीचा होता, ते विसरला.

त्याच वर्षी आमच्या वस्तीतल्या क्लबाला साठ वर्षं झाली. रविवारी दुपारी सगळ्यांचं जेवण, आणि त्याआधी क्लब उभा करणाऱ्या एकतीस जणांची नावं मोठ्याने घ्यायची, असं बैठकीत ठरलं. बहुतेक सगळे आता वर गेलेले. अध्यक्ष यादी वाचणार होते. ओलेगारियो मध्येच उठला.

"मेलेल्यांची नावं कागदावरून वाचणार? शोभतं का? आणा ती यादी इकडे!"

यादी तीन आठवडे त्याच्या फ्रिजवर चिकटून होती. त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रविवारी सकाळी मात्र अंगणात बसून माते, म्हणजे आमच्याकडचा तो कडू पाल्याचा चहा, पीत त्याने तीच एकतीस नावं सलग चाळीस वेळा घोकली. भिंतीपलीकडे माझे कान किटले.

क्लबात मांस भाजत होतं, लांबलचक टेबलं लागली होती. मिरवल्याशिवाय याच्याने राहवेल? तीन टेबलांच्या पेयांच्या ऑर्डरी त्याने न लिहिता घेतल्या, बरोबर पोचवल्या, टाळ्या घेतल्या. मग थेट माइकपुढे.

पहिली चार नावं ठणठणीत आली. पाचव्याला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मान लाल झाली. कुणीतरी खाकरलं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला आणि तो धडाधड सुटला, "गाविलान! काराकास! कोन्दार्को! तेर्रादा!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. आडनावं म्हणून खपण्यासारखी होती, पण ओळखीची वाटत होती. "नास्का!" म्हटल्यावर मागून एक जण ओरडला, "ड्रायव्हरसाहेब, पुढच्या कोपऱ्यावर उतरायचंय!"

बावीस वर्षं रोज बसने कॅफेला जाताना जे रस्ते लागायचे, तेच हा एकामागून एक म्हणत होता! ते कधी पाठ केले नव्हते, म्हणूनच पक्के पाठ होते. हॉल हसून हसून लोटपोट झाला. आणि या गृहस्थाला थांबताही येईना. "आर्हेरिच, हेल्गेरा..."

एकटी दोन्या एर्मेलिंदा हसली नाही. त्र्याऐंशी वर्षांची ही म्हातारी, त्या एकतिसांतल्या आतिलिओची बायको; सगळे तिला आदराने दोन्या, म्हणजे बाई, म्हणतात. काठी टेकत ती माइकपाशी गेली. "माझा आतिलिओ कुठल्या स्टॉपवर उतरला रे, मेल्या?"

ओलेगारियो खाली उतरला आणि न जेवता घरी गेला.

प्रयोगशाळेत त्याने सांगितलं, की माइक खराब होता. आठवडाभर रोज सांगितलं. ती थाप मात्र त्याला नीट लक्षात राहिली.

पुढच्या गुरुवारी एर्मेलिंदाने त्याला घरी बोलावून घेतलं. जायची त्याची हिंमत नव्हती आणि न जायची त्याहून नव्हती. तिने चारच नावं सांगितली. विटा कुणी वाहिल्या, कुणाच्या गाढवपणामुळे छत दोनदा घालावं लागलं, कोण कुणाच्या बहिणीमागे होता, सगळं सांगितलं. "जा, झोप आता. पुढच्या गुरुवारी ये." पुढच्या गुरुवारी आधी ती चार नावं म्हणून घेतली, मग तीन नवी. नावं संपल्यावर उजळणी, असं वर्षभर चाललं. आम्हाला तो सांगायचा, "म्हातारीला सोबत देतो हो, एकटी आहे बिचारी."

दुसऱ्या वर्षीच्या जेवणाला तो स्वतःहून उभा राहिला आणि एकतीसच्या एकतीस नावं त्याने घेतली. कोण गवंडी, कोण शिंपी, सगळं सांगून. टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी विचारलं, "कसं काय जमलं, बुवा?"

"आज सकाळी एकदा नजर टाकली यादीवर," निर्लज्ज म्हणाला.

एर्मेलिंदा शेजारीच बसून मांस चावत होती. मला राहवेना. "दोन्या, तुम्ही बोलत का नाही? ऐकलंत ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "आतिलिओचं नाव बरोबर घेतलं त्याने. ते मीठ दे इकडे."