लोमटे सरांनी बांधलेली गाठ

इमारत उभी राहते तेव्हा तिच्यासोबत किस्सेही साचत जातात. विटा ट्रकमधून येतात, हे दिसतं. किस्से कोण कधी आणून टाकतं, पत्ता लागत नाही! मी आमच्या स्काउटच्या जागेचा राखणदार आणि शिबिरांचा आचारी, म्हणून बसल्या जागी एवढे गोळा झाले.

लोमटे सर आमचे स्काउट मास्तर. जिल्ह्याच्या पोरांना हक्काचं कार्यालय आणि वसतिगृह हवं, हा त्यांचा ध्यास. रिटायर व्हायच्या आत त्याचं दार उघडायचं, ही घाई.

*

भूमिपूजनाला पोरांनी बांबूची कमान बांधली. खिळा नाही, तार नाही, नुसत्या दोरीच्या गाठी. लई देखणी! दुसऱ्या दिवशी विटांचा ट्रक काही तिच्याखालून जाईना. ड्रायव्हरनं कोयता काढला. सर आडवे आले, "स्काउट गाठ कापत न्हाई, सोडतो!"

पोरं शाळेतून येऊन गाठी सोडीपर्यंत ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला. उठून मला म्हणाला, "आन् ह्या मास्तराला म्हणे लई घाई हाय!"

*

घाई होतीच. सर बांधकामावर सारख्या येरझाऱ्या घालायचे, काम रेंगाळलं की शिट्टी मारायचे. शिबिरात शिट्टी म्हणजे रांग. हळूहळू धारूरचे गवंडीही शिकले. शिट्टी वाजली की थापी ठेवून रांगेत उभे!

मुकादमानं हात जोडले, "सर, शिट्टी खिशात ठिवा. न्हाईतर स्लॅब ऱ्हाईल आन् परेडच व्हईल!"

*

स्काउट डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. ठेकेदाराला हे कुठलं माहीत? "डावा हात दिता व्हय मला?" म्हणून रुसला. सिमेंट बंद!

सर तडक नेकनूरला, त्याच्या घरी. दारात ठेकेदाराची आई. तिनं सरांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "लई वाळलात मास्तर, जेवून जावा."

सकाळी सिमेंट हजर!

*

इमारत झाली, पण उद्घाटन होईना. एकदा प्रमुख पाहुणे नारायणगडाला गेले, एकदा मुंबईला. मंडपवाला मंडप घालायचा, काढायचा. सर वसतिगृहातल्या खाटा सरळ करत फिरायचे. त्या सरळच होत्या!

"सर, बसा जरा. च्या घ्या," मी म्हणालो.

"मामा, महिनाअखेर मी रिटायर. मग मला मंडपात खुर्ची मिळंल, दारात जागा न्हाई."

*

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी पाहुणे आले एकदाचे. गाडीचं इंजिनसुद्धा चालूच. दाराला फीत, फितीला सरांच्या हातची गाठ.

"कात्री?" पाहुण्यांनी हात पुढं केला.

ताटात हळद, कुंकू, नारळ. कात्री नाही! ताट मीच लावलं होतं. कात्रीही मीच ठेवली होती. मी नारळ उचलून खाली बघितलं.

सर मात्र शांत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच! "साहेब, स्काउट गाठ कापत नाही. सोडतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता पाहुणे तरी काय करणार? ओढून बघितलं, नखं लावून बघितली. गाठ हलेना. पीए घड्याळ दाखवायला लागला.

"मास्तर, तुम्हीच सोडा बुवा!"

सरांनी नुसती दोन बोटं लावली. फीत गळून पडली, सरांनी दार ढकललं आणि पोरं आत पळाली.

संध्याकाळी मंडप रिकामा झाला. सर निघताना माझ्यापाशी आले, स्काउटच्या रीतीनं माझा डावा हात हातात घेतला. त्यांनी हात सोडला, तर माझ्या तळव्यावर कात्री!

"जागेवर ठिवा, मामा," म्हणाले आणि शिट्टी वाजवत फाटकाबाहेर गेले.