घाट लागणारी गाडी

गोजराबाईंना गाडी लागते, हे खैरापाड्याच्या चाळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीतल्या बायकांची कुठं सहल निघाली की त्यांच्यासाठी पुढची सीट, आवळासुपारी, पिशव्यांचा गठ्ठा अशी सगळी तयारी व्हायची, आणि ऐन वेळी त्याच म्हणायच्या, "तुमी जाऊन या बायांनो. मी तुमच्या पोरांकडं बघते." मग दिवसभर त्या दुसऱ्यांच्या पोरांना थालीपीठं करून घालत.

सपाटीवर काही नाही. बोईसरहून तारापूरला, वाणगावला, पालघरला रिक्षातून मजेत जायच्या. चढ आला, वळणं आली, की पोटात कालवायला लागायचं. आणि माहेर नेमकं घाटावर. मोखाड्याच्या पुढे, त्र्यंबकच्या अलीकडे, करंजओहळ. तिकडे आगगाडी जात नाही. विक्रमगड, जव्हार, मोखाडा अशी आतडी पिळत जाणारी एसटी, नाहीतर कोंबून भरलेली जीप.

"मनाचं असतं हो सगळं," लोक म्हणत. "दुसरीकडं लक्ष द्यायचं." गोजराबाई हसून मान हलवायच्या. ज्याला लागत नाही त्याला लागणं सांगून कळत नाही, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

वडील गेले तेव्हा त्या एसटीनेच गेल्या होत्या. पोचल्या त्या अर्धमेल्या. मोखाड्याला खाली उतरवून तोंडावर पाणी मारावं लागलं होतं. दारात वडिलांना ठेवलेलं, आणि बाया वारा घालतायत त्या गोजराबाईंना. आई आपलं कुंकू पुसलेलं कपाळ घेऊन, स्वतःचं रडणं बाजूला सारून, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "हिला सरबत द्या गं कुणीतरी," म्हणत राहिली. वडिलांच्या पायावर डोकं ठेवायचं राहूनच गेलं. त्या दिवशी गोजराबाईंनी मनाशी ठरवलं, आता आईच्या दारात जाईन ती माझ्या पायांवर ताठ उभी राहून. तिला माझी उस्तवार करायला लावायला नाही.

मग जाणंच खुंटलं. फोन होता, पण आईचे कान गेले. भावजय मंदाने व्हिडिओ कॉल लावून दिला तर म्हातारी तो बघायचा सोडून कानालाच लावायची. "आई, समोर धरा, समोर!" मंदा ओरडायची. आई म्हणायची, "हां हां, ऐकू येतंय." त्यामुळे गोजराबाईंना दिसायचा तो फक्त आईचा कान. ओघळलेली पाळी, तिच्यातली जुनी कुडी, मागे पांढऱ्या केसांची एक बट. खैरापाड्याच्या खोलीत ओट्याशी उभं राहून त्या त्या कानाशी बोलायच्या. भाजी काय केली, पाण्याचा टँकर आला की नाही, गुडघे कसे आहेत. कान काही बोलायचा नाही.

हे सगळं पुंजाराम बघत होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं. माणूस अबोल. एकदा कारखान्यातल्या सोबत्याच्या गाडीतून दोघं मनोरला लग्नाला गेले. गोजराबाई पुढच्या सीटवर, काच खाली, तोंडावर वारा. वाघोबाची खिंड चढून उतरली तरी बाईंनी पिशवी मागितली नाही. उलट बाहेर बघून म्हणाल्या, "अगंबाई, इथं पळस हायेत? मी कधी पायलेच नव्हते. माझे डोळे मिटलेले असायचे."

पुढच्याच महिन्यात पन्नाशी उलटलेल्या पुंजारामांनी ड्रायव्हिंग क्लासात नाव घातलं. चाळीतली पोरं हसली. दसऱ्याला दारात पांढरी गाडी उभी राहिली. शोरूमवाल्यांनी दोघांच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन फोटो काढला. त्यात पुंजारामांचे डोळे मिटलेले आणि गोजराबाईंचं तोंड उघडं आलं, कारण त्या म्हणत होत्या, "आता भाऊबीजेला आपल्या गाडीनं!"

आईला ते कसं कळलं कोण जाणे. मंदाने हातवारे करून सांगितलं असावं. म्हातारी गावभर सांगत सुटली, माझी गोजा स्वतःच्या मोटारीतून येणार.

नव्याचे नऊ दिवस लवकरच सरले. भाऊबीजेला निघाले, विक्रमगडपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. जव्हारचा घाट लागला, तिसरं की चौथं वळण आलं, आणि गाडीचा जीव गेला. बंद पडली नाही, पण दम संपला. पुंजाराम पाय दाबतायत आणि गाडी कण्हतेय, पुढे एक पिवळा दिवा लागलेला. मागून ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले. तास-दीड तास रस्त्याकडेला थांबले. गाडी निवली, दिवा विझला. पुन्हा चढ घेतला, पुन्हा तेच. शेवटी तोंड फिरवून खाली आले. उतारावर गाडी इतकी गुणी, की जसं काही झालंच नाही.

त्या दिवसापासून पालघरच्या सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथं मेहुल नावाचा तरतरीत मुलगा गाडीचं ऐकून घ्यायला होता. ऐकून घ्यायचा म्हणजे टॅबवर बोटं फिरवायचा.

"क्या प्रॉब्लेम है, काका?"

गोजराबाई पुढे झाल्या. "अरे बाबा, गाडीला घाट लागतो."

मेहुलचं बोट थांबलं. "म्हणजे?"

"जशी मला गाडी लागते, तसा हिला घाट लागतो. सपाटीवर काय नाय. चढ आला की जीव घाबरा व्हतो."

काउंटरवरची किंजल खुदकन हसली. मेहुलने गाडीला यंत्र लावून पाहिलं, नाक्यापर्यंत चक्कर मारून आणली. "गाडी एकदम ओके आहे काकू. स्कॅनरमध्ये काहीच नाही. काका नवीन शिकलेत ना? गिअर चुकत असेल."

पुंजारामांचा चेहरा उतरला. घरी जाताना सबंध रस्ता ते गिअर टाकताना ओठ हलवत होते. पहिला, दुसरा, तिसरा.

संक्रांतीला पुन्हा निघाले, पुन्हा त्याच वळणावरून परतले. पुन्हा पालघर. आता तिथं सगळे ओळखायला लागले होते. "घाट लागणारी गाडी आली रे," आतून कुणीतरी हाळी द्यायचं. किंजल एकदा म्हणाली, "आंटी, गाडीला लिंबू द्या ना चोखायला." तीही हसली, गोजराबाईही हसल्या. पण घरी आल्यावर त्यांनी पुंजारामांकडून गाडीच्या पुढे लिंबू-मिरची बांधून घेतली.

"दिवा लागलेला असेल तेव्हा गाडी आणा," मेहुल म्हणायचा.

"दिवा लागतो जव्हारात. तिथून इथं येईस्तोवर विझतो. घाटात तुमचा माणूस पाठवा."

"तसं नसतं काकू. आमचा ट्रायलचा रूट ठरलेला असतो."

"मग तुमच्या रूटवर एखादा घाट तरी बसवून घ्या."

पण गोजराबाई चिवट. डबा घेऊन तिथं बसून राहायच्या. समोरच्या काचेपलीकडे रोज नव्या गाड्यांना हार पडायचे, रिबिनी सुटायच्या, तीच पुठ्ठ्याची किल्ली या हातातून त्या हातात जायची. एखादी बाई नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसून बघायची, काच खालीवर करायची. गोजराबाईंच्या ओठावर यायचं, बाई, आधी घाटात नेऊन बघ. पण कुणाच्या आनंदाच्या घटकेला आपण कशाला अपशकुन करा? आणि ती बाई निघून गेली की मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत बसायच्या. ही कुठं जात असेल? हिची आई कुठं असेल?

अखेर वैतागून मेहुल म्हणाला, "चला, वाघोबापर्यंत जाऊन येऊ. मग तर पटेल?"

मेहुल चालवायला, गोजराबाई पुढे, पुंजाराम मागे. वाघोबाच्या देवळाशी गोजराबाईंनी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी देवाकडे असं काही मागितलं असेल: हिला इथं, आत्ता, याच्या देखत लागू दे. गाडी शेळीसारखी टणाटण खिंड चढून गेली. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसताच ठणका थांबावा, तसं झालं.

"कुठं लागतो घाट, काकू?"

"ह्यो काय घाट हाय? ह्यो उंबरठा झाला. जव्हारला चल."

"पॉलिसीत नाही बसत." आणि मग जरा मवाळ होऊन मेहुल म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण कधी कधी मनाचं असतं. एकदा शंका आली ना, की दर वेळी तसंच वाटतं."

गोजराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मनाचं असतं. उभं आयुष्य ऐकलेलं ते वाक्य आता एका गाडीच्या वाट्याला आलं होतं. त्यांनी पुढच्या डॅशबोर्डवर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या अंगावर ठेवावा तसा.

आखिती जवळ आली. आखितीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पहिला आंबा देवाला दाखवतात. मंदाचा व्हिडिओ कॉल आला. "वन्सं, आई ओट्यावरनं उठतच नाय. ऐकू तर काय येत नाय, पण वाटेवर धुरळा उडाला की म्हणती, गोजाची मोटार आली का बघ. जेवणही तिथंच. लई थकल्यात हो."

"समोर धर तिला," गोजराबाई म्हणाल्या. पण फोन हातात घेताच म्हातारीने तो कानाला लावला. कुडी तेवढी दिसली. पाळी आणखी ओघळली होती.

वर्कशॉपवाल्यांनी नुकतंच काहीतरी साफ करून, "आता शंभर टक्के," म्हणून गाडी परत दिली होती. पुंजाराम म्हणाले, "जाऊ. हळूहळू नेतो." सकाळी गाडी धुतली, नवी लिंबू-मिरची बांधली. आईसाठी मऊ सुती लुगडं आणि डहाणूचे चिकू मागच्या सीटवर ठेवले. गोजराबाईंनी मुद्दामच आवळासुपारी घेतली नाही, पिशव्या घेतल्या नाहीत. भरवसा ठेवायचा तर पुरता ठेवावा.

जव्हारच्या घाटात पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला गोजराबाईंनी श्वास रोखून धरला. आणि गाडी कण्हली.

पुंजारामांनी ती हळूच कडेला घेतली, बोनेट उघडलं, आणि कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. "आपण रांगेत आहात," फोनमधली बाई म्हणाली. "हो ताई," पुंजाराम त्या रेकॉर्डला अदबीने म्हणाले, "थांबतो." गोजराबाईंना हसू आलं. या माणसाने आपल्यासाठी या वयात काय काय शिकून घेतलं!

खालच्या वळणावरून एसटीचा आवाज आला. नाशिकची गाडी. गोजराबाई रस्त्याकडे बघत होत्या, पुंजाराम त्यांच्याकडे.

"थांबवू का?" त्यांनी विचारलं.

"तुमी?"

"गाडी टाकून कसा येऊ? ओढून न्यायला कुणीतरी यील. तू जा."

"मी पुन्हा तशीच पोचणार हो. अर्धमेली."

"पोचशील तरी."

हात केल्यावर एसटी थांबली. गोजराबाईंनी पदर खोचला. मग एकदम आठवलं. "अहो, लिंबूसुदिक नाय जवळ!"

पुंजाराम गाडीच्या पुढे वाकले आणि बंपरला बांधलेलं लिंबू तारेतून ओढून काढलं.

"अहो, दृष्टीचं हाय ते!"

"गाडीला लागू पडलं नाय. तुला पडंल."

कंडक्टर हसून ओरडला, "मावशी, चला, खिडकी रिकामी हाय!" एसटी वळणाआड जाईपर्यंत गोजराबाई मागे बघत होत्या. उघडं बोनेट, आणि त्याच्या शेजारी कानाला फोन लावून उभा असलेला त्यांचा माणूस.

मग व्हायचं ते सगळं झालं. लिंबू हुंगून हुंगून त्याची साल काळवंडली. मोखाड्याला कुणीतरी पाणी दिलं. करंजओहळच्या फाट्यावर भाऊ न्यायला आला होता, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन त्या घरापर्यंत चालत गेल्या. ताठ वगैरे काही नाही. डोळ्यांपुढे नुसतं पिवळं.

ओट्यावर आई होती. लहान, अगदी लहान झालेली. समोर, वाटेकडे तोंड करून बसलेली. कितीतरी दिवसांनी गोजराबाईंना तिचा अख्खा चेहरा दिसला. दोन डोळे, नाक, हनुवटीवरचं गोंदण. त्या पायाशी बसल्या तर म्हातारीने त्यांचं डोकं ओढून मांडीवर घेतलं आणि कपाळावर हात ठेवला. हात खरबरीत होता. आईने त्यांच्या अंगावरून पलीकडे, वाटेकडे बघितलं. वाट रिकामी होती.

"गाडी लागली का गं?" तिने विचारलं.

मोटार कुठं लावली असं विचारते आहे, की पोटाचं, ते गोजराबाईंना कळेना. त्यांनी नुसती मान हलवली. लागली.

"हिला सरबत द्या गं कुणीतरी," आई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. पुंजारामांचा व्हिडिओ कॉल. गोजराबाईंनी तो लावला मात्र, आईने पडद्यावर जावई बघून हात पुढे केला, फोन घेतला आणि कानाला धरला. मांडीवर पडल्या पडल्या गोजराबाईंना तो कान आता खालून दिसत होता, अगदी हाताच्या अंतरावर. त्यांनी बोटाने कुडीला हळूच स्पर्श केला. फोनमधून घाटातला वारा आणि पुंजारामांचा आवाज येत होता. "हॅलो? पोचली का गोजा? इथं अजून कुणी आलं नाय. रांगेतच हाय म्हणत्यात. हॅलो? कान दिसतोय नुसता…"

"हां हां जावईबापू," आई मोठ्याने म्हणाली, "ऐकू येतंय. या, या. वाट बघते."