मांडीचं माप

आमचा कुत्रा तीन पायांवर घरी आला, तो रविवार होता आणि सकाळचे साडेनऊ वाजले होते. वेळ पक्की आठवते, कारण वानरांची टोळी आमच्या वाडीत रोज सव्वानऊच्या सुमारास उतरते. अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली, समुद्राच्या अंगाला आमची वाडी. नारळ, सुपारी आणि थोडी केळी. कुत्रा कारवानी जातीचा, लांब पायांचा, घाटावरून आणलेला. सशामागे धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांची ही जात. शिकारीला कायद्याने बंदी आहे आणि आम्हाला ती करायचीही नव्हती. वानरांना कुंपणाबाहेर काढलं की त्याचं काम संपायचं. त्या दिवशी त्याने दगडी गडग्यावरून उडी घेतली, पलीकडे एकदाच केकाटला आणि डावा मागचा पाय पोटाशी धरून परत आला.

अलिबागच्या पशुवैद्य डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे सगळ्यांची वयं मी तशीच मोजतो. त्यांनी कुत्र्याला कुशीवर झोपवलं, एका हाताने मांडीचं हाड धरलं आणि दुसऱ्या हाताने नडगी ओढली. टेबलाचा खण उघडावा तशी नडगी पुढे सरकली.

"काका, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन करून घ्या. मुंबईला न्यावं लागेल."

"विश्रांतीने नाही बरं होणार?"

"पाच-सात किलोचा असता तर म्हटलं असतं, बघू. हा पंचवीस किलोचा. कठीण आहे."

"कठीण म्हणजे अशक्य नाही ना?"

त्या हसल्या. पण भुलेचं विचारलं तेव्हा हसल्या नाहीत. या सडपातळ जातींना भूल जपून द्यावी लागते, म्हणाल्या. जाणकार माणूस असला की काळजी नाही, हेही म्हणाल्या. मी पहिलं वाक्य घेऊन घरी आलो, दुसरं तिथेच राहिलं. कुत्रा टेबलावर झोपलाय आणि उठतच नाही, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. आठ आठवडे थांबून बघण्याची मुदत मी मागून घेतली.

पडवीत त्याला बांधला. फरशीवरून पाय घसरू नये म्हणून गोणपाटं अंथरली. दिवसातून तीनदा, पट्ट्याला धरून, पाच-पाच मिनिटं फिरवायचं. धावणं नाही, उडी नाही, पायरी नाही. भात पाऊण वाटीने कमी केला. सव्वानऊला वानरं कौलांवर धबधब नाचायची आणि हा पट्टा ताणून थरथरायचा, तेवढा वेळ मी त्याला मिठी मारून बसायचो आणि मग शाळेला पळायचो.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, पाय वापरला नाही की मांडी बारीक होते. वापरायला लागला की भरते. हे मोजता येण्यासारखं होतं. बायकोच्या शिलाई मशीनची टेप घेतली. दोन्ही मागच्या पायांवर, गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटिमीटर वर, मार्करने खूण केली, म्हणजे माप दर वेळी एकाच जागी. दुसऱ्या रविवारी पहिलं माप घेतलं. उजवी साडेचौतीस, डावी एकतीस. फरक साडेतीन. पुढच्या रविवारपासून वहीत नुसता फरकच लिहू लागलो. मला हवा होता तो तेवढाच.

चौथ्या आठवड्यात फरक तीन. पाचव्यात अडीच. माझी छाती जरा हलकी झाली. शेजारी, ज्याची केळी आमच्या कुंपणाला लागून आहेत, रोज गडग्यावरून हाक मारायचा.

"काय मास्तर, शिपाई अजून रजेवर हाय?"

"मेडिकल रजा आहे."

"पगारी का बिनपगारी? माझे दोन घड गेले. वानरांना कळलंय, न्हाय का? काल एक तर त्याच्यासमोर बसून साल सोलत होतं."

"अडीचवर आलाय फरक. अजून महिनाभर."

"तुझा फरक वानरांना दाखव एकदा," असं म्हणून तो गेला.

सहाव्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, हा हल्ली पाय वर करत नाही."

"कुठला पाय?"

"कुठलाच. आधी माडाच्या बुंध्याला डावा वर करायचा. आता दोन्ही पाय टेकून, पिल्लासारखा खाली बसून करतो. आणि उठताना पुढच्या पायांनी ओढतो अंग."

"फरक दोनवर आलाय," मी वही पुढे केली.

"तुमच्या वहीत आलाय. मी कुत्र्याबद्दल बोलतेय."

मला राग आला. रागाच्या खाली भीती होती, हे आता कळतं. तिचं म्हणणं मोजता येत नव्हतं, म्हणून मी ते धरलं नाही. वेगळं काही दिसलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दिसलं होतं तिला, मला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. असे दोन आठवडे गेले. रात्री जेवताना आम्ही दोघंही पडवीकडे बघायचो.

आठव्या आठवड्यात फरक दीड झाला आणि वही घेऊन मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पान पाहिलं.

"फरक छान कमी झालाय. मूळ आकडे?"

"पहिल्या मापाचे आहेत. पुढचे लिहिले नाहीत."

त्यांनी स्वतः टेप लावली. उजवी बत्तीस, डावी साडेतीस. वजाबाकी दीडच. माझं एकही माप चुकलं नव्हतं. डावी मांडी भरली नव्हतीच, उलट अर्ध्याने उतरली होती. उजवी अडीचने आटली होती. फरक मिटत होता, कारण चांगला पाय वाईट पायाला येऊन मिळत होता.

मग त्यांनी उजवा गुडघा धरला. खण थोडा उघडला.

"हे अर्धवट तुटलंय, काका. दोन महिने सगळा भार यानेच ओढला. पूर्ण तुटायच्या आत डावा दुरुस्त करायला हवा. नाहीतर मागचा भाग उचलायला पायच उरणार नाही. घरात कुणाला काही वेगळं दिसलं नव्हतं?"

"बायकोला दिसलं होतं," मी म्हणालो. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे मी सत्तावीस वर्षं गुण कापत आलोय.

पुढचे चार दिवस त्याला उचलूनच बाहेर नेला. पोटाखालून जुनं लुगडं घालायचं, एक टोक माझ्या हातात, एक बायकोच्या. पाचव्या दिवशी सकाळी मांडव्याहून गाडीसकट रो-रो बोटीत चढलो. तासभर ती मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी विचारलं, "नाही उठला तर?"

"नाही उठला, तर ते तुम्ही उशीर केलात म्हणून झालं नाही, असं मी तुम्हाला सांगेन," ती म्हणाली. "आणि ते खोटं असेल. समोर बघा."

तो उठला. भुलेतून उठायला त्याला चाळीस मिनिटं लागली. ती मी भिंतीवरच्या घड्याळात बघितली, कारण दुसरं काही बघवत नव्हतं.

आता ऑपरेशनला नऊ आठवडे झालेत. नवीन वहीत डावीचा एक रकाना आहे, उजवीचा एक, फरकाचा नाही. तिसरा रकाना रुंद आहे, त्याच्यावर ‘दिसलं ते’ असं लिहिलंय आणि तो बायको भरते. डावी बत्तीसवर आलीय. उजवी तेहेतीसवर आहे, आणि तिचा भरवसा डॉक्टरही देत नाहीत. वानरं यायच्या वेळेला मी अजून पडवीत मिठी मारून बसतो.

काल सकाळी त्याला पट्ट्याने माडापाशी नेलं. त्याने बुंधा हुंगला, अंग डावीकडे कललं आणि उजवा पाय वर गेला. म्हणजे सगळं वजन शिवलेल्या पायावर. मी मोजले, चार अंक. मग त्याने पाय खाली ठेवला आणि कौलांकडे बघितलं.

घरात येऊन मी वही बायकोपुढे ठेवली. तिने खिडकीतून आधीच पाहिलं होतं.