छातीएवढ्या पाण्यातल्या बायका

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदा आमच्याकडे सिंगापूरला आली, तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आता हिला परत पाठवायचं नाही. मी एकुलती एक. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती एकटी राहणार, गुडघे धरून जिने चढणार, आणि मी इथं वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात तिचा फोन का लागत नाही म्हणून जीव टांगणीला लावून बसणार, हे मला मान्य नव्हतं. आईला माझ्या मान्यतेशी काही देणंघेणं नव्हतं. "लेकीच्या घरी पाहुणी म्हणून यावं आणि पाहुणी म्हणून जावं," एवढं बोलून ती पोळ्या लाटायला लागायची.

गंमत म्हणजे आमच्या घरात रूढींना कधीच थारा नव्हता. आम्ही बौद्ध. सकाळी त्रिसरण-पंचशील व्हायचं, पण उपास नाही, मुहूर्त नाही, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध. माझं लग्न रविवारी लागलं, कारण त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती. आईनं शाळेत मुलांच्या डोक्यातली भुतं काढण्यात आख्खी नोकरी घालवली. आणि अशा बाईनं 'लेकीच्या घरी राहू नये' ही एवढी एकच रूढी पोटाशी धरून ठेवली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती खिडकीपाशी बसून एलआरटी, म्हणजे उंच पुलावरून धावणारी छोटी रेल्वे, बघायची. आमच्या इमारतीजवळून जाताना त्या गाडीच्या काचा आपोआप धूसर होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. आईला ते फार आवडायचं. "किती सभ्य गाडी आहे," ती म्हणायची. "ऑटोमॅटिक लाह, आजी," माझा मुलगा पुस्तकातून मान वर न करता, सिंगापुरी थाटात सांगायचा. बाकी वेळ ती घरात अशी वावरायची, की ती गेल्यावर ती आली होती हे कुणाला कळू नये. तिचा टॉवेल न्हाणीघरात कधी दिसायचा नाही, वापरलेला पेला लगेच धुऊन जागेवर. फ्रिज उघडण्याआधी ती मला विचारायची. मी चिडले की म्हणायची, "अगं, सवय आहे." तिच्या पुण्याच्या घरात तिला ही सवय मुळीच नव्हती.

अशातच नवऱ्याला एका परिषदेचं बोलावणं आलं, जमैकामधल्या माँटेगो बे इथं. संशोधकांच्या परिषदा नेहमी समुद्रकाठीच का भरतात हा खरा संशोधनाचा विषय आहे, पण मी तोंड बंद ठेवलं आणि रजा टाकली. मुलाला शाळेची सुट्टी होतीच. प्रश्न आईचा होता. तिला एकटीला मागं ठेवायची नव्हती, आणि तिनं तर कानावर हात ठेवले. "जावयाच्या कामात सासूचं काय काम? लोक हसतील." तेव्हा नवरा म्हणाला, "आई, तुम्ही नाही आलात तर मी माझा पेपर वाचणार नाही." तो असलं काही बोलत नाही एरवी. आई घाबरली की काय कोण जाणे, पण तयार झाली. लंडनला विमान बदलून आम्ही पोचलो, तेव्हा दिवस कुठला आणि रात्र कुठली याचा कुणालाच पत्ता नव्हता.

रिसॉर्ट असं होतं की मनगटावर एक पट्टी बांधली की दिवसभर काहीही खा, काहीही प्या. निळं पाणी, पांढरी वाळू, आणि अंगावर बोटभर कापड घालून उन्हात पडलेले लोक. आईनं सगळीकडे शिक्षिकेच्या नजरेनं एकदा पाहिलं आणि नंतर सगळ्याकडे कानाडोळा केला. बुफेवर तिला नीरफणसाचे भाजलेले काप सापडले. "हा तर आपल्या कोकणातला! हा इथं कसा आला?" असं म्हणून तिनं तीनदा वाढून घेतले. जेवल्यावर ती आपली बशी घेऊन धुवायची जागा शोधायला निघाली, तेव्हा वेटर हात जोडायचा बाकी राहिला.

तिसऱ्या दिवशी खोली आवरणारी बाई मला जिन्यात भेटली आणि हळूच म्हणाली, तुमच्या शेजारच्या खोलीत कुणी राहत नसेल तर तसं कळवा, आम्ही ती दुसऱ्याला देऊ. ती आईची खोली होती. आई रोज पहाटे उठून पलंगाची चादर एक सुरकुती न ठेवता घालत होती, न्हाणीघर कोरडं करत होती, आणि आपलं सामान कपाटात कोंबून दार लावत होती. मी हसत हसत ही गोष्ट नवऱ्याला सांगायला गेले आणि मधेच माझं हसू आटलं. माझ्या घरी ती हेच करत होती. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो, तसा तो आला.

त्या दिवशी आम्ही निग्रिलला गेलो, मोटारीनं तासदीड तास. तिथला किनारा इतका लांब की चालणारा कंटाळावा, किनारा संपू नये. नवरा आणि मुलगा पाण्यात गेले. आई आमच्या चटईपासून चार हात लांब, वाळूत बसली. मी म्हटलं, चटईवर ये. म्हणाली, इथं बरं आहे, जावयांचे कपडे ठेवलेत तिथं. झालं, माझा तोल गेला. परक्या देशात, माणसांनी भरलेल्या किनाऱ्यावर मी तिच्यावर मराठीत कडाडले. "तुला माझ्याकडे टोचतं तरी काय? मी काय सावत्र आहे?"

आई वाळूत बोटानं रेघा ओढायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "तू झालीस आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता मूल नाही. तेव्हापासून मला सगळ्यांनी एकच विचारलं, मुलगा नाही, मग म्हातारपणी काय करशील? वस्तीतल्या बायांनी विचारलं, शाळेतल्या बाईंनी विचारलं, माझ्या सख्ख्या बहिणीनं विचारलं. तुझे बाबा म्हणायचे, आमची पोरगी शिकेल, आम्ही कुणाच्या दारात जाणार नाही. मी पण तेच म्हणाले, तोंड वर करून. आता मी तुझ्याकडे राहिले, की त्या सगळ्या म्हणतील, बघा, मुलगा नाही म्हणून लेकीच्या दारात जाऊन पडली. त्या खऱ्या ठरतील गं."

इतकी वर्षं मी ज्याला जुनाट खूळ समजत होते, तो तिचा स्वाभिमान होता. रूढीशी भांडता येतं, मी त्यात तरबेज आहे, पण याच्याशी कसं भांडणार? सूर्य समुद्रात बुडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. परतताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनंच मला उठवलं. "चल, तुला एक गंमत दाखवते." रिसॉर्टच्या हद्दीला बांधलेल्या दोरीपलीकडे गावातल्या लोकांचा एक छोटा किनारा होता. तिथं उजाडता उजाडता पाच-सहा म्हाताऱ्या बायका अंगावरच्या जुन्या कपड्यांनिशी पाण्यात शिरल्या होत्या. डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या. पोहत कुणीच नव्हतं. छातीएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या राहून त्या गप्पा मारत होत्या, मधेच एखादी गाणं गुणगुणत होती. आई रोज पहाटे गॅलरीतून हे बघत होती म्हणे. "सांधे दुखत असणार त्यांचे," ती म्हणाली. "मिठाच्या पाण्यात बरं वाटतं." तिच्या आवाजात असं काही होतं, की मी तिचा हात धरून दोरी ओलांडली.

आई तिच्या सुती गाऊनमध्ये होती. पाण्यापाशी ती वाकली, पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला, आणि मग पाय आत टाकला. अंधश्रद्धा नको म्हणणाऱ्या माझ्या आईनं हे कुठून आणलं ते मी विचारलं नाही. तिला पाण्याची भीती वाटत होती हे मात्र दिसत होतं. गुडघ्यापर्यंत जाऊन ती थांबली. तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात थोराड बाई पाणी कापत आली, "गुड मॉर्निंग, डार्लिंग," म्हणाली आणि आईचा हात धरून तिला आत घेऊन गेली. मला कुणी विचारलंच नाही. मी मागून धडपडत गेले.

त्यांचं इंग्रजी वेगळ्याच लयीचं होतं, पण समजत होतं. मी मधे उभी राहून इकडचं तिकडं सांगत होते. कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, सिंगापूर. आईनं लगेच दुरुस्ती केली, "पुणे, इंडिया." मग त्या थोराड बाईनं विचारलं, तुझी आई कुणाकडे राहते? मी सांगितलं, एकटी. सगळ्यांची बोलणी थांबली. एकटी? अगं, तू जिवंत असताना? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं सांगितलं की आमच्याकडे आई लेकीच्या घरी राहत नाही, राहायचंच तर मुलाच्या घरी राहते.

यावर ज्या हसल्या त्या! एकीची टोपी सुटून पाण्यात पडली. "मुलाच्या घरी? मुलाचं घर म्हणजे त्याच्या बायकोचं घर," ती थोराड बाई म्हणाली. तिला मुलगे बरेच होते, कुणी लंडनला, कुणी अमेरिकेत. ती राहत होती ती लेकीकडे. मी हे मराठीत सांगितल्यावर आईचे डोळे एकदम शिक्षिकेचे झाले. "सगळ्यांना विचार. एकेकीला विचार." मी विचारत गेले. लेकीकडे. लेकीकडे. एक बहिणीकडे राहत होती, कारण तिला लेक नव्हती, आणि हे सांगताना ती थोडी ओशाळली. आई त्या बाईकडे बराच वेळ बघत राहिली.

खोलीवर येताना मी मोठ्या आशेनं विचारलं, "मग?" आई गाऊन पिळत म्हणाली, "मग काय? त्यांचं त्यांच्यापाशी." ताकास तूर लागू देईना. पण त्यानंतर रोज पहाटे ती मला हाक न मारताच निघायची. मी उठून जाईपर्यंत ही त्या घोळक्यात छातीएवढ्या पाण्यात उभी असायची, आणि माझ्याशिवाय त्यांचं व्यवस्थित चाललेलं असायचं. थोराड बाई बोटांनी गुडघे दाखवायची, आई खांदा दाखवायची, दोघी मान हलवायच्या. एकदा आई त्यांना त्रिसरण म्हणून दाखवत होती आणि त्या बायका डोळे मिटून ऐकत होत्या. बाबा गेल्यानंतर मी तिला एवढं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. त्या बायकांचे उपकार मी कसे फेडणार? त्यांची नावंसुद्धा मी विचारली नाहीत, त्या फक्त 'डार्लिंग' म्हणायच्या आणि आम्ही 'आंटी'.

शेवटच्या दिवशी मुलगाही आमच्याबरोबर आला. तो पाण्यात डुबक्या मारत होता. त्याला बघून त्या खूश झाल्या, आणि एकीनं मला विचारलं, बाकीची मुलं कुठायत? मी म्हटलं, हा एकच. "आणि मुलगी?" मुलगी नाही, मी म्हटलं.

घोळक्यात एक सुस्कारा उमटला. थोराड बाईनं माझा दंड धरला. तिच्या डोळ्यांत खरीखुरी माया होती. "ओ डार्लिंग," ती म्हणाली, "मुलगी नाही? मग म्हातारपणी तू काय करशील?"

मला हसू आलं. मुलगा झाला तेव्हा पुण्याहून किती अभिनंदनाचे फोन आले होते, आणि इथं माझी कीव होत होती. मी हसत हसतच आईला मराठीत सांगायला वळले, पण तिला ते आधीच कळलं होतं. असा प्रश्न कळायला तिला भाषा लागत नव्हती. तिचा चेहरा ताठ झाला होता. पाणी ढकलत ती पुढं आली आणि त्या बाईच्या नि माझ्या मधे उभी राहिली.

"तिला सांग," आई मला म्हणाली, पण बघत होती त्या बाईकडेच. "मुलगी नसेना का. म्हणावं, हिची आई आहे. हिच्याजवळच राहते ती."

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. त्या सगळ्या थांबून राहिल्या, आणि मी ते नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.