पेठेतलं आमचं कापडदुकान

नगरपालिकेने रस्ता रुंद करायला घेतला आणि आमच्या दुकानावर लाल खूण मारली, तेव्हा बाबा माझ्याकडे परदेशात, सेम्बावांगला होते. हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली होती. गावाकडे दुकान दादा बघायचा.

ते दुकान आजोबांनी उघडलेलं. त्याआधी ते कापडाचं गाठोडं खांद्यावर टाकून खेडोपाडी फिरायचे. आमच्या वस्तीतल्या माणसाने भर पेठेत दुकान थाटलं हे गावाला खपलं नाही. पेठेतलं कुणी पायरी चढेना. मग वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायचं ठरवलं. आजोबांनी पांढऱ्या कापडाचे तागेच्या तागे आणले आणि त्या दिवशी अख्खी वस्ती आमच्याकडचं कापड नेसून पेठेतून चालत गेली. पुढे त्याच पेठेतल्या लग्नांचे बस्ते आमच्याकडे बांधले जाऊ लागले. ते शालू बाबांनी उलगडून दाखवलेले.

दादा कोर्टात गेला, पण स्थगिती मिळाली नाही. एका दुपारी तुआसला कामावर असताना माझ्या मुलीचा फोन आला, "आजोबा घरात नाहीत." मी टॅक्सीने धावले. बाबा घराजवळच्या एमआरटी मेट्रो स्टेशनच्या बाकावर पासपोर्ट मुठीत धरून बसले होते.

"बाबा, कुठे निघालात?"

"एअरपोर्टला. मी दारात उभा राहिलो तर त्यांची हिंमत होणार नाही."

"जिवाला धोका आहे, बाबा."

"मग तिथे मरू दे. पाया पडतो तुझ्या, जाऊ दे मला."

जन्मात त्यांनी कुणापुढे हात जोडले नव्हते. दंडाला धरून त्यांना घरी आणलं.

दुकान पाडलं त्या सकाळी दादाने व्हिडिओ कॉल लावला. भिंत कोसळली तरी बाबा विचारत राहिले, "माल काढला का रे? माल काढला का?"

"काढला बाबा, सगळा काढला," दादा रडत म्हणाला.

त्यानंतर त्यांनी जेवण जवळपास सोडलंच. माझी मुलगी घास पुढे करून इथल्या मुलांच्या बोलीत विनवते, "आजोबा, थोडं ईट, लाह." ते भिंतीकडे तोंड फिरवतात.

दादा आता दुसऱ्याच्या शोरूममध्ये साड्या दाखवतो. दर रविवारी फोन करतो, "बाबांना दे ना." बाबा मान हलवून नको म्हणतात. झोपलेत, असं मी सांगते. मागून त्यांचा खोकला दादाला ऐकू जात असतो.