तिसऱ्या भागातला डोळा

चारुलता महाजन रागीट बाई आहे, हे बुऱ्हानपूरच्या इतवाऱ्यात कुणाला विचारायची गरज नाही. दुधात पाणी घालणाऱ्याची कॅन तिनं भर रस्त्यात पालथी केली होती. शाळेत हेडमास्तरांनी एका पोराच्या पाठीवर छडी मोडेस्तोवर मारलं, तेव्हा उरलेला तुकडा हिसकावून तिनं त्यांच्याच टेबलावर आपटला, की शाईची बाटली उडून भिंतीवर! लग्न केलं नाही. भाऊ धर्मेंद्र, भावजय अमृता आणि भाचा गौरव यांच्याबरोबर, पण वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडून राहायची. आणि या अशा बाईनं लिहावं काय? तर लहान मुलांसाठी राण्या, जादू आणि राक्षसांची पुस्तकं. दोन भाग छापून झाले होते आणि गावातली पोरं तिसऱ्यासाठी तिचं डोकं खात होती.

ही जादू तिला कुठून सुचली, ते ऐका. बाप शालिग्राम, तापीकाठी केळीची बाग, आणि हात असा मारका की विचारू नका. दूध नासलं, मार. हिशोब चुकला, मार. बैलाचा कासरा दाराआड टांगलेलाच असायचा. मार खाऊन चारू बागेत पळायची, केळीच्या पानाचा दांडा मोडायची आणि त्यातून गळणारा गार चीक वळांवर लावायची. बरं काही वाटायचं नाही. घटकाभर थंड लागायचं, एवढंच. उलट तो चीक फ्रॉकला लागून काळा पडायचा, केळीच्या चिकाचा डाग कशानं जातो का? मग फ्रॉक नासला म्हणून आई, मालूबाई, तिला दुसऱ्यांदा बडवायची.

पुस्तकात मात्र चारूनं चिकाला गुण दिला. तापीच्या तळाशी राहणारी चीकराणी, तिची पाणसेना. असीरच्या डोंगरावरचा राक्षस, त्याची गडसेना. पानापानावर लढाई. मुंडकी उडतात, हात तुटतात, आतडी लोंबतात, आणि राणी येऊन चिकाचा एक थेंब टाकते की माणूस अंग झटकून उभा. दोन भागांत मिळून एकही जण मेला नाही. मारून मारून कुणालाच काही होत नाही, असं जग त्या मार खाल्लेल्या पोरीनं स्वतःसाठी केलं होतं. आता ते सगळ्या पोरांचं झालं.

पोरांनी मग काय केलं? सेना केल्या! गौरवची गल्ली पाणसेना, सेनापती तोच, मागची गल्ली गडसेना. आधी पानांचे दांडे घेऊन बडवाबडवी, मग कमरेचे पट्टे, मग गुलेल. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा दात पडला. फुटलेल्या जागी चीक फासायचा आणि पुन्हा हाणामारी सुरू. आया ओरडायच्या, "मुडदे बसवले रे तुमचे, कपडे पाहा!" चारू वरच्या गॅलरीत उभी राहून हसायची. पोरं मराठी वाचतात, मराठीत भांडतात, या हिंदी बोलणाऱ्या बुऱ्हानपुरात आणखी काय पाहिजे? तिनं तर एकदा टाळ्याही वाजवल्या.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही सेना धर्मेंद्रच्या बागेत भिडल्या. मागच्या गल्लीची सेनापती होती भूमिका, गौरवच्याच वर्गातली, अंगानं काटकुळी पण नेम असा की चालत्या गाडीच्या आरशावर मारेल. पाणसेनेनं तिच्या दोन पोरांना केळीच्या खोडाला बांधून पट्ट्यांनी झोडपलं. एकाचा ओठ फाटला, तो रडत होता तरी गौरव थांबेना. "राक्षसा, शरण ये!" म्हणून हाणतोच आहे. भूमिकानं तापीतला गोटा गुलेलीत घातला आणि ओढून सोडला. तो गौरवच्या डाव्या डोळ्यावर बसला. गुरासारखा ओरडून तो पडला, बोटांतून रक्त गळायला लागलं, आणि पाणसेना आणि गडसेना मिळून सगळी फौज पळून गेली.

एकटी भूमिका राहिली. तिला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. दोन्ही भाग तोंडपाठ पोरगी! तिनं दांडा मोडला, गौरवची बोटं बाजूला केली आणि चीक त्याच्या डोळ्यात पिळला.

"हल मत यार. राणीनं असंच केलं होतं."

"जळून राहिलं गं!"

"जळेल ना. मग बरं होईल."

घरी सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. केळीचं पान डोळ्यात गेलं असं सांगून गौरवनं रुमाल बांधला आणि आईला हात लावू दिला नाही. भूमिका ताजा दांडा फ्रॉकखाली लपवून सकाळ-संध्याकाळ यायची. आपल्या मारेकरणीसमोर गौरव दात आवळून चेहरा वर करायचा आणि ती थेंब टाकायची. अमृताला रुमालातून वास आला, तिनं तो ओढून काढला आणि "माय वं!" म्हणून तिथंच खाली बसली. लिंबाएवढा सुजलेला डोळा, त्यातून पू वाहत होता.

इंदूरला डोळा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, "दगडाची जखम कदाचित सांभाळली असती. हे काय घातलं यात?"

गौरवला भूमिकाचं नाव सांगावंच लागलं. धर्मेंद्र परतला तो घरी आलाच नाही. बागेतून केळीचे घड तोडायचा कोयता घेतला आणि सरळ मागच्या गल्लीत. बापाचा हात त्याला वारशानंच मिळाला होता. चारूनं गॅलरीतून पाहिलं आणि अनवाणी धावली. तोवर त्यानं भूमिकाच्या दारावर दोन घाव घातले होते, फळी चिरली होती, आणि आत पोरीची आई शोभा "नको भाऊ, नको!" म्हणून किंचाळत होती. चारूनं त्याचं मनगट धरलं. त्यानं झटकलं. तिनं मनगटात दात रोवले, रक्त येईस्तोवर. त्यानं डाव्या मुठीनं तिच्या तोंडावर असा ठोसा मारला की समोरचा दात तुटून ओठात घुसला.

तरी तिनं मनगट सोडलं नाही. रक्त थुंकत म्हणाली, "मला मार. पोरीला नाही. चीक मी लिहिला."

धर्मेंद्र तिच्याकडे बघत राहिला. मग कोयता दारात टाकून मटकन ओट्यावर बसला आणि भर गल्लीत हंबरडा फोडून रडला. संध्याकाळी त्यानं अंगणात दोन्ही भागांच्या असतील नसतील तेवढ्या प्रती जाळल्या. चारू बाजूला उभी होती. अडवायचं तोंड तिच्याजवळ होतं कुठे?

पण गौरवनं उशीखाली एक जोड लपवून ठेवली होती. तो कुणावर रागावलाच नव्हता, हे फार वाईट झालं. पट्टी बांधलेलं पोरगं मजेत वाट बघत होतं.

"आत्या, तिसरा भाग कधी?"

"का रे?"

"राणी अजून शेवटचं औषध देणार आहे ना? दुसऱ्या भागाच्या शेवटी तू लिहिलंय, मोठा चीक अजून बाकी आहे. त्यानं माझा डोळा येईल. मी भूमिकाला पण सांगितलं, टेन्शन घेऊ नको."

चारूच्या पायाखालची जमीनच सरकली. सोन्यासारखं पोर, आणि आपल्या शब्दावर किती विसंबलेलं!

घरातल्यांचं म्हणणं एकच होतं. अमृता जिना चढून आली, हात जोडून म्हणाली, "ताई, लिहून टाका ना की डोळा आला. तुमचं काय जातं? तेवढंच सुख पोराला." ती आताशा शाळेच्या ओळखपत्रासाठीसुद्धा पोराचा फोटो बाजूनं काढवायची, हनुवटी धरून तोंड वळवायची, "इकडून काढा, चांगल्या बाजूनं." जळगावचा प्रकाशकही फोनवर हेच म्हणाला. लहान मुलांचं पुस्तक आहे, मॅडम, गोड करा.

चारूनं गोड केलं. राणीनं मोठा चीक टाकला आणि सेनापतीचा डोळा चांदीसारखा उघडला. वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कुणावर तर स्वतःवर! पानं टराटरा फाडून ती उन्हातच बागेत गेली. दांडा मोडला, चीक मनगटावर गळू दिला. गार लागला. थोड्या वेळानं सुकून काळा पडला. तिला तो फ्रॉक आठवला, आणि पाठीवरचे ते वळ आठवले. "खोटारडी," ती मोठ्यानं म्हणाली. "तुला तर तेव्हापासून ठाऊक होतं."

नवी पानं लिहून झाली त्या रविवारी तिनं गौरव आणि भूमिका दोघांना गॅलरीत बसवलं. धर्मेंद्र जिन्यात उभा राहिला, वर आला नाही. भूमिका कठड्याला चिकटून बसली होती, तिच्या फ्रॉकवर चिकाचे जुने डाग तसेच होते.

चारूनं वाचलं. शेवटची लढाई, वाळूत रक्ताचा चिखल. खांद्यातून तुटलेला हात तुटलेलाच राहतो. मेलेली माणसं उठत नाहीत, त्यांच्या आया त्यांना शोधत फिरतात. आणि सेनापतीच्या डोळ्यावर दगड बसतो. दगड मारणारी राणी असते, चुकून, आपल्याच माणसाला. ती मोठा चीक आणते, भांडंभर ओतते. डोळा येत नाही. राणी वाळूत गुडघे टेकून म्हणते, या चिकात गुण कधीच नव्हता, मला वाटत होतं की असावा.

गौरव उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "खोटं! तू मुद्दाम केलं! तुझ्या हातात होतं!" आणि तो तिच्यावर तुटून पडला. छातीवर, तोंडावर, तुटलेल्या दाताच्या ओठावर मुठी, लाथा. ओठ पुन्हा फुटला. जिन्यातून धर्मेंद्र धावला, तिनं हातानं त्याला थांबवलं. "मारू दे. लागतंय मला, त्याला कळू दे."

पोरगं थकेस्तोवर मारत राहिलं. मग तिच्या मांडीवर कोसळून हमसून हमसून रडलं, डोळा गेल्यापासून पहिल्यांदाच. भूमिकाही रडत होती. बऱ्याच वेळानं गौरवनं नाक पुसलं. आत्याच्या हनुवटीवरचं रक्त बघितलं, ते बोटानं पुसलं, आणि बोट आपल्या चड्डीला पुसलं.

"यात आता खोटं काही नाही ना?"

"राक्षस सोडून काही नाही."

"मग छाप," तो म्हणाला. "आणि कव्हरवर सेनापतीचं तोंड सरळ काढायला सांग. बाजूनं नको."